अमेरिकेत प्रीमेडसाठी कॉलेज निवडताना: शिक्षण, डॉर्म आणि खर्च यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे अमेरिकेत वाढलेल्या, अकरावी-बारावीत असलेल्या आणि ‘डॉक्टर व्हायचे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलामुलींच्या मराठी पालकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातील मेडिकल प्रवेशाचे चित्र बारावीच्या टक्क्यांचे, सीईटीच्या गुणवत्ता यादीचे आणि ‘जी. एस. की बी. जे.’ या प्रश्नाचे आहे. तेथे कॉलेज मिळाले की डॉक्टर होणे जवळपास ठरलेले असे. येथे कॉलेज मिळाल्यावर चार वर्षांची खरी परीक्षा सुरू होते, आणि निवडीतील बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

प्रीमेड ही पदवी आहे का?

नाही. मेडिकल स्कूलला अर्ज करण्यापूर्वी जे विषय आणि जे अनुभव गाठीशी असावे लागतात, त्या सर्वांना मिळून प्रीमेड म्हणतात. विद्यार्थी पदवी घेतो ती जीवशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इतिहास अशा एखाद्या मेजरमध्ये (मुख्य विषयात), आणि त्याच्या जोडीला जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह, शिवाय जैवरसायनशास्त्र, इंग्रजी आणि बहुतेक ठिकाणी गणित किंवा संख्याशास्त्र पूर्ण करतो. २०१५ पासून एमकॅट या प्रवेश परीक्षेत मानसशास्त्र व समाजशास्त्र यांचा स्वतंत्र विभाग असल्यामुळे तेही विषय घेतलेले बरे. पदवीनंतर एमडी किंवा डीओ (ऑस्टिओपॅथिक) या डॉक्टरकीच्या दोन पदव्यांपैकी एकीची चार वर्षे आणि त्यापुढे शाखेनुसार रेसिडेन्सीची (रुग्णालयातील प्रशिक्षणाची) तीन ते सात वर्षे असा हा प्रवास आहे. वरील सर्व विषय जवळपास प्रत्येक चार वर्षांच्या कॉलेजात शिकवले जातात, त्यामुळे ‘प्रीमेडसाठी प्रसिद्ध’ हे विशेषण ऐकून निर्णय घेऊ नये.

नामांकित विद्यापीठातून पदवी घेतली तर मेडिकल स्कूलला प्रवेश सोपा होतो का?

थोडाफार उपयोग होतो, परंतु गणपतीच्या जेवणाला मंडळात जितका होतो तितका प्रवेश समितीसमोर होत नाही. मेडिकल स्कूल प्रथम पाहते ते जीपीए (कॉलेजातील श्रेणींची ४ पैकी सरासरी) आणि एमकॅटचे गुण. एमकॅट ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजली जाते, आणि गेल्या काही वर्षांत एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५१२ च्या आसपास, तर जीपीएची सरासरी ३.८ च्या जवळ राहिली आहे. दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक उमेदवार एमडीसाठी अर्ज करतात आणि सुमारे २३ हजार जागा भरतात. म्हणजे निम्म्याहून अधिक उमेदवारांना त्या वर्षी कोठेच प्रवेश मिळत नाही, आणि त्यांत मोठ्या नावांच्या कॉलेजांतील मुलेही असतात.

नामांकित ठिकाणाचे खरे फायदे वेगळे आहेत. संशोधनाच्या प्रयोगशाळा भरपूर असतात, विद्यापीठाचे रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर असू शकते, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकांच्या शब्दाला वजन असते. हे फायदे लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात वेगळ्या रूपाने मिळतात: तेथे वर्ग वीस-पंचवीस जणांचा असतो आणि प्राध्यापक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात, तर मोठ्या राज्य विद्यापीठात सामान्य रसायनशास्त्राच्या व्याख्यानाला कधी कधी तीनशे मुले बसलेली असतात आणि ओळख करून घेण्याची जबाबदारी सर्वस्वी विद्यार्थ्यावर पडते. आपली मुलगी प्राध्यापकांच्या दारावर स्वतःहून टकटक करणारी आहे की कोणी हाक मारण्याची वाट पाहणारी आहे, हे कोणत्याही क्रमवारीत सापडत नाही. ते घरच्यांनाच माहीत असते.

कठीण कॉलेजातील कमी गुणांना सूट मिळते का?

मिळेल असे धरून चालू नये. एमडीचे बहुतेक अर्ज ॲमकास या केंद्रीय व्यवस्थेतून जातात, आणि ती जीपीए स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित या चार विषयांचा वेगळा जीपीए काढला जातो, एखादा विषय पुन्हा घेतला तरी जुनी आणि नवी श्रेणी अशा दोन्ही धरल्या जातात, आणि कॉलेज कडक आहे म्हणून वाढीव गुण देण्याची कोणतीही सोय तीत नाही. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ‘ए’ श्रेणींचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर ठेवण्याचे धोरण आणले होते आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले. त्या दहा वर्षांत तेथे शिकलेल्यांना हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा वाटला असेल, हे सांगायला नको.

माझे मत असे की, मुलगा वर्गातील वरच्या चौथ्या हिश्श्यात सहज राहू शकेल असे कॉलेज प्रीमेडसाठी योग्य. प्रवेश कसाबसा मिळालेल्या ठिकाणी पहिल्याच सत्रात रसायनशास्त्रात ‘सी’ आला, तर तो पुढे भरून निघतो, परंतु त्याला दोन वर्षे लागतात आणि त्या काळात मुलांचा स्वतःवरील विश्वास फार डळमळतो.

येथे एक सूचना, जी बहुतेकांना उशिरा कळते. हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एनरोलमेंटखाली कम्युनिटी कॉलेजात घेतलेल्या विषयांच्या श्रेणीही ॲमकासच्या जीपीएत मोजल्या जातात. ‘सुट्टीत सहज एक विषय करून टाकू’ म्हणून घेतलेल्या कॅल्क्युलसमधील ‘बी-’ सहा वर्षांनी अर्जात हजर होतो.

मेजर कोणता घ्यावा?

ज्यात मुलाला रस आहे आणि ज्यात त्याला चांगल्या श्रेणी मिळतील तो. अर्जदारांत जीवशास्त्रवाले सर्वाधिक असतात, परंतु मानव्यविद्या किंवा गणित घेऊन अर्ज करणाऱ्यांचे प्रवेशाचे प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी नसते. अभियांत्रिकीबरोबर प्रीमेड करता येते, मात्र त्यात जीपीए सांभाळणे जड जाते.

एपीच्या (हायस्कूलमधील कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) क्रेडिटमुळे विषय सुटतात आणि पैसे वाचतात, ते खरे का?

पैसे वाचू शकतात, परंतु विषय सुटतीलच असे नाही. काही मेडिकल स्कूल्स एपीचे क्रेडिट मान्य करतात, काही अजिबात करत नाहीत, आणि अनेक ठिकाणी ‘एपी चालेल, पण त्याच विषयातील वरच्या पातळीचा अभ्यासक्रम कॉलेजात केलेला हवा’ अशी अट असते. एपी जीवशास्त्रात ५ मिळाले म्हणून थेट वरच्या वर्गात बसणे काहींना मानवते. ज्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेची सवय नाही, त्यांनी पहिला विषय पुन्हा घेऊन चांगली श्रेणी मिळवलेली बरी.

‘आमच्या प्रीमेड विद्यार्थ्यांपैकी ९० टक्क्यांना प्रवेश मिळतो’ या दाव्यावर किती विश्वास ठेवावा?

प्रथम छेद विचारावा. पहिल्या वर्षी प्रीमेड म्हणून आलेले किती, प्रत्यक्ष अर्ज केलेले किती आणि त्यांतून प्रवेश मिळालेले किती, हे तीन वेगळे आकडे आहेत. दोनशे मुलांनी सुरुवात केली, पन्नासांनी अर्ज केला आणि पंचेचाळिसांना प्रवेश मिळाला, तरीही माहितीपत्रकात ९० टक्केच छापले जाते. उरलेली दीडशे मुले कोठे गेली, त्याबद्दल तेथे एक ओळही नसते.

काही कॉलेजांत प्रीमेड समिती सर्व प्राध्यापकांच्या मतांवरून एकत्रित शिफारसपत्र देते. ही चांगली सोय आहे, परंतु काही ठिकाणी तीच चाळणीही होते. ठरावीक जीपीए किंवा एमकॅट गुणांखालील विद्यार्थ्याला समिती पत्र देत नाही, आणि ज्या कॉलेजात समिती आहे तेथील विद्यार्थ्याने तिचे पत्र का जोडले नाही, असा प्रश्न मेडिकल स्कूलला पडतो. म्हणून भेटीच्या वेळी सरळ विचारावे: आपली समिती अर्ज करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला पत्र देते का? डीओचे आकडे एमडीत मिळवले आहेत का? दोन-तीन वर्षांनी पुन्हा अर्ज केलेले माजी विद्यार्थी यात धरले आहेत का? उत्तर टाळले गेले, तर त्यातूनही काय ते समजते.

कॉलेजचा एकूण खर्च किती धरावा?

छापील शुल्क आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत मोठा फरक असतो, म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहून ठेवावेत. कॉलेज बोर्डाच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार, राज्यातील रहिवाशांसाठी सार्वजनिक विद्यापीठांचे सरासरी वार्षिक छापील शुल्क ११,६१० डॉलर, परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी ३०,७८० डॉलर आणि खाजगी संस्थांचे ४३,३५० डॉलर होते. राहणे-जेवण, पुस्तके आणि प्रवास धरून रहिवाशाचा वर्षाचा एकूण खर्च तीस हजारांच्या आसपास जातो, तर अनेक नामांकित खाजगी विद्यापीठांत तो आता ९० हजारांच्या वर गेला आहे.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो. कायद्याने तो बंधनकारक आहे. अर्जांची यादी करण्याच्या आधीच, म्हणजे अकरावीच्या उन्हाळ्यात, तो भरून पाहावा. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला कधी कधी सुखद धक्का बसतो. उदाहरणार्थ, हार्वर्डने २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या कुटुंबांना शिकवणी शुल्क माफ केले आहे, आणि एमआयटीनेही त्याच सुमारास तशीच मर्यादा लागू केली. मात्र आयटीत दोघेही नोकरी करणारी आपली अनेक कुटुंबे नेमकी या रेषेच्या वर असतात: गरजेवर आधारित मदत मिळत नाही आणि ९० हजार खिशातून देणेही परवडत नाही. अशांनी राज्य विद्यापीठे आणि गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणारी विद्यापीठे यांकडे लक्ष द्यावे. फ्लोरिडाची ब्राइट फ्युचर्स आणि जॉर्जियाची होप व झेल मिलर या राज्य शिष्यवृत्त्या, तसेच नॅशनल मेरिट (राष्ट्रीय गुणवत्ता स्पर्धेतील) विद्यार्थ्यांना मोठी रक्कम देणारी अलाबामा विद्यापीठ आणि यूटी डॅलस ही ठिकाणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

छापील खर्चात न दिसणाऱ्या बाबीही असतात. कॉलेज विद्यार्थी आरोग्य विम्याचे बिल आपोआप लावते. पालकांच्या विम्यात मूल २६ वर्षांचे होईपर्यंत राहू शकते, तेव्हा मुदतीत सूट मागितली तर काही हजार डॉलर वाचतात. उन्हाळ्यात संशोधनासाठी तेथेच राहिल्यास भाडे वेगळे पडते. रुग्णालय दूर असेल तर गाडी, तिचा विमा आणि पार्किंग हेही आले.

मेडिकल स्कूलच्या खर्चाचा विचार आत्तापासून का करावा?

कारण मोठा खर्च पुढेच आहे. मेडिकल स्कूलच्या चार वर्षांचा एकूण खर्च आपल्या राज्याच्या सार्वजनिक संस्थेतही पावणेतीन-तीन लाख डॉलरच्या घरात आणि खाजगीत चार लाखांच्या जवळ जातो. कर्ज घेऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांवरील कर्जाचा मध्यक (निम्म्यांचे याहून कमी, निम्म्यांचे अधिक) सुमारे दोन लाख डॉलर आहे, आणि रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाचा पगार ६५ ते ७० हजारांच्या आसपास असतो.

त्यात जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने कर्जाचे नियम बदलले. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचे संघीय कर्ज बंद झाले असून वैद्यकीय विद्यार्थ्याला संघीय कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर एवढ्याच मर्यादेत मिळते. पालकांच्या पॅरेंट प्लस कर्जालाही एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आली. खाजगी मेडिकल स्कूलचा वर्षाचा खर्च यापेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे वरची रक्कम बचतीतून, शिष्यवृत्तीतून किंवा खाजगी बँकेच्या कर्जातून उभी करावी लागते, आणि अशा कर्जाला बहुधा सहीसाठी पालकच लागतात. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये आणि अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनने २०२४ मध्ये शिकवणी शुल्क पूर्ण माफ केले हे खरे, परंतु त्यांच्या भरवशावर घराचे अंदाजपत्रक आखता येत नाही.

म्हणून ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) दोन लाख डॉलर असतील, तर ते पहिल्या चार वर्षांत संपवून टाकण्यापेक्षा निम्मे मागे ठेवणारे कॉलेज मी निवडेन. ५२९ ची रक्कम मेडिकल स्कूललाही वापरता येते.

शिष्यवृत्ती चार वर्षे टिकते का?

अटी वाचाव्यात. बहुतेक गुणवत्ता शिष्यवृत्त्यांना किमान जीपीएची अट असते, ३.० ची असेल तर काळजीचे कारण कमी, ३.५ ची असेल तर सेंद्रिय रसायनशास्त्राचे वर्ष धाकधुकीचे जाते. एकदा घसरल्यावर एका सत्राची मुदत देतात का, हेही विचारावे.

पहिल्या वर्षी कोणती डॉर्म घ्यावी?

जिथे झोप होईल ती. हे उत्तर थट्टेचे वाटेल, परंतु सकाळी आठच्या प्रयोगशाळेला रोज वेळेवर पोचणे हा प्रीमेडच्या पहिल्या वर्षाचा मोठा भाग आहे. एकट्याची खोली महाग आणि पहिल्या वर्षी दुर्मीळ असते. दोघांची खोली हा नेहमीचा प्रकार आहे. विद्यार्थिसंख्या वाढली की दोघांच्या खोलीत तिसरा पलंग टाकून ‘ट्रिपल’ केली जाते, आणि यूसी (कॅलिफोर्निया विद्यापीठ) कॅम्पसवर तर हे नवलाचे राहिलेले नाही. खोलीच्या भाड्यात त्याबद्दल सूट मिळते का, ते पाहावे. अनेक कॉलेजांत शांत मजला किंवा मद्यमुक्त मजला मागता येतो. असा मजला मागितल्याने मूल एकलकोंडे ठरेल, ही भीती पालकांनी आणि त्यांच्याहून अधिक मुलांनी सोडावी.

आरोग्यक्षेत्रात जाणाऱ्यांसाठी वेगळी ‘लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी’ असलेल्या डॉर्मबद्दल माझे मत संमिश्र आहे. अभ्यासाला सोबती मिळतात आणि सल्लागार मजल्यावर येतात, हे चांगले. परंतु जेवताना, दात घासताना आणि रात्री दोन वाजता प्रत्येकजण दुसऱ्याचे मिडटर्मचे गुण विचारत असेल, तर काही मुले त्या वातावरणात पिचून जातात.

जागेचे अंतर नकाशावर मोजावे. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाच्या न्यू ब्रन्स्विक आवारात अनेक वेगवेगळे कॅम्पस आहेत आणि त्यांच्यामध्ये बस धावते. रसायनशास्त्राच्या इमारती बुश कॅम्पसवर आहेत, तेव्हा कॉलेज ॲव्हेन्यूच्या डॉर्ममध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिवसातील बराच वेळ बसथांब्यावर जाऊ शकतो. न्यू जर्सीतील आपल्या अनेक मुलांचा पहिल्या वर्षाचा सर्वांत मोठा वैताग हाच असतो.

डॉर्म आणि जेवणाचा खर्च कमी करता येतो का?

येतो, परंतु पहिल्या वर्षी कमी आणि नंतर अधिक. वर सांगितलेल्या आकडेवारीत राहण्या-जेवणाची सरासरी सार्वजनिक विद्यापीठांत वर्षाला १३ हजारांहून थोडी अधिक आणि खाजगीत १५ हजारांच्या वर आहे. मोठ्या शहरांत ती याहून पुष्कळ जास्त असते. म्हणजे अनेक राज्य विद्यापीठांत खोली आणि ताट यांचे पैसे शिकवणीपेक्षा अधिक पडतात, आणि तरीही घरोघरी चर्चा केवळ शिकवणीचीच होते.

पहिल्या वर्षी डॉर्ममध्ये राहणे आणि मील प्लॅन घेणे अनेक ठिकाणी सक्तीचे असते. सर्वांत मोठा प्लॅन घेऊ नये. सकाळची न्याहारी चुकवणाऱ्या मुलांचे आठवड्याचे पाच-सहा वेळचे पैसे वाया जातात. शाकाहारी मुलांसाठी डायनिंग हॉलमध्ये प्रत्यक्ष एक वेळ जेवून पाहावे, कारण संकेतस्थळावर ‘शाकाहारी पर्याय’ असे लिहिलेले असते आणि रोज पास्ता व सॅलडच समोर येते. राइस कुकर आणि इन्स्टंट पॉट खोलीत ठेवायला अनेक डॉर्मच्या नियमांनुसार बंदी असते, तेव्हा वरण-भाताची सोय सामायिक स्वयंपाकघर असलेल्या इमारतीतच होते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाहेर भाड्याने राहणे स्वस्त पडू शकते, मात्र भाडेकरार बहुधा बारा महिन्यांचा असतो आणि डॉर्मचा सुमारे नऊ महिन्यांचा. तुलना करताना वर्षाची रक्कम धरावी, महिन्याची नव्हे. काही ठिकाणी हिवाळ्याच्या सुट्टीत डॉर्म बंद होते, आणि त्या काळात रुग्णालयातील स्वयंसेवा चालू ठेवायची असेल तर राहण्याचा प्रश्न उभा राहतो. रेसिडेंट असिस्टंट (डॉर्ममधील मुलांची देखरेख करणारा विद्यार्थी) झाल्यास खोली बहुधा मोफत आणि कधी जेवणही मिळते, आणि मेडिकल स्कूलच्या अर्जात हा अनुभव चांगला दिसतो. मात्र मध्यरात्री कोणाचा फायर अलार्म वाजला तर उठावेही यालाच लागते, आणि गरजेवर आधारित मदत मिळत असेल तर ती या सवलतीमुळे कमी होऊ शकते, हे आधी विचारून घ्यावे.

घरी राहून कॉलेज केले तर काही बिघडते का?

मेडिकल स्कूलच्या दृष्टीने काहीच नाही. दहा-बारा हजार डॉलर दरवर्षी वाचतात. अट एकच, ती पालकांसाठी आहे: संध्याकाळचा अभ्यासगट, प्रयोगशाळेतील उशीर आणि शनिवारची रुग्णालयातील पाळी यांसाठी मुलाला मोकळीक द्यावी, आणि प्रत्येक हळदीकुंकवाला त्याने हजर असावे असा आग्रह धरू नये.

बारावीनंतर थेट डॉक्टरकीचे बीएस-एमडी कार्यक्रम चांगले का?

आपल्या जुन्या पद्धतीशी मिळतेजुळते असल्यामुळे ते मराठी पालकांना फार आवडतात. ब्राऊन विद्यापीठाचा आठ वर्षांचा पीएलएमई, मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी आवारातील सहा वर्षांचा कार्यक्रम आणि न्यू जर्सीत टीसीएनजे (कॉलेज ऑफ न्यू जर्सी) व न्यू जर्सी मेडिकल स्कूल यांचा सात वर्षांचा कार्यक्रम ही त्यांची परिचित उदाहरणे. जागा मोजक्या असतात, आणि १७ वर्षांच्या मुलाने रुग्णालयात काय पाहिले हे मुलाखतीत नेमके विचारतात. काहींत किमान एमकॅटची अट असते, काहींत ती परीक्षाच लागत नाही. वर्षे वाचली तर खर्चही वाचतो, परंतु पालकांच्या इच्छेखातर आत गेलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षी बाहेर पडणे फार अवघड जाते, म्हणून अर्ज मुलाच्याच हट्टाने व्हावा.

कोणत्या राज्यात राहतो, याचा परिणाम होतो का?

फार मोठा. बहुतेक सार्वजनिक मेडिकल स्कूल्स आपल्या राज्याच्या रहिवाशांना झुकते माप देतात. टेक्सासमध्ये तर सार्वजनिक मेडिकल स्कूल्सच्या किमान ९० टक्के जागा रहिवाशांसाठी राखीव आहेत आणि शुल्कही देशातील सर्वांत कमींपैकी आहे, त्यामुळे डॅलस-ह्यूस्टनच्या मुलाने परराज्यातील कॉलेजला जाताना आपला रहिवासी दर्जा टिकतो ना, याची खात्री करावी. कॅलिफोर्नियात अर्जदार इतके आहेत की तेथील मुलांना अनेकदा राज्याबाहेर जावे लागते. केवळ चार वर्षे दुसऱ्या राज्यात शिकल्याने त्या राज्याचा रहिवासी दर्जा आपोआप मिळत नाही. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचे राज्य बहुधा पालकांचे राज्य मानले जाते.

आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत आणि मुलगी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आहे. तिला प्रीमेड करता येईल का?

करता येईल, पण हा या सर्वांतील सर्वांत बिकट प्रश्न आहे आणि तो नववीतच हाताळायला हवा. एच-४वरील विद्यार्थिनीला फॅफ्सा या सरकारी मदतीच्या अर्जाखालील संघीय अनुदान किंवा कर्ज मिळत नाही आणि त्या व्हिसावर तिला नोकरीही करता येत नाही. अनेक राज्यांत तिला रहिवाशाच्या दराने सार्वजनिक विद्यापीठात शिकता येते, परंतु अनेक खाजगी विद्यापीठे मदतीच्या बाबतीत तिला आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी मानतात. सगळे बालपण एडिसनमध्ये किंवा फ्रीमॉन्टमध्ये गेलेल्या मुलीला हे समजावून सांगणे किती जड जाते, ते ज्यांच्या घरात घडले त्यांनाच ठाऊक.

दुसरी अडचण वयाची. ग्रीन कार्डच्या भारतीय रांगेत पालक अडकलेले असताना मूल २१ वर्षांचे झाले की, वयगणनेच्या कायद्यातील सवलत लागू होत नसल्यास, ते अवलंबित म्हणून त्या रांगेतून बाहेर पडते आणि बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. हा वाढदिवस साधारणपणे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, एमकॅटच्या ऐन तयारीत येतो. पुढे बहुसंख्य मेडिकल स्कूल्स नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांचे अर्ज घेत नाहीत, आणि जी घेतात त्यांपैकी काही एक ते चार वर्षांचे शुल्क आधीच एस्क्रो (राखीव) खात्यात ठेवायला सांगतात. म्हणून इमिग्रेशन वकिलाकडून मुलीच्या वयाचे गणित लेखी करून घ्यावे, कमी खर्चाचे सार्वजनिक विद्यापीठ पहिल्या पसंतीला ठेवावे, आणि पदवी अशा मेजरमध्ये घ्यावी की मेडिकलचा मार्ग लांबला तरी तिच्या हाती स्वतंत्र व्यवसाय राहील.

पुण्या-नागपुराहून बारावी करून प्रीमेडसाठी अमेरिकेत यावे का?

वरील कारणांमुळेच, नाही. चार वर्षांचा पूर्ण खर्च करूनही मेडिकलचे दार अरुंदच राहते. भारतात साडेचार वर्षे एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप करून, यूएसएमएलई ही अमेरिकेतील वैद्यकीय परवान्याची परीक्षा देऊन रेसिडेन्सीला येणे हा मार्ग अधिक मळलेला आहे.

मग अमेरिकेतील मुलांनी भारतात एमबीबीएस करावे का?

काही करतात. मात्र ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ज्यांनी ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड घेतले त्यांना केवळ अनिवासी भारतीयांच्या जागांवर हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याआधीच्या कार्डधारकांना या बंधनातून वगळले. परत येताना रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये (जागावाटपात) परदेशी पदवीधरांचे यश अमेरिकी एमडी विद्यार्थ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी असते, आणि शस्त्रक्रियेच्या शाखा तर फारच अवघड जातात.

अर्ली डिसिजनने, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर, अर्ज करावा का?

खर्चाची तुलना करायची असेल तर करू नये. तो बंधनकारक असतो, आणि शिष्यवृत्तीची इतर पत्रे हाती येण्याच्या आत होकार द्यावा लागतो. सर्व पत्रे मार्च-एप्रिलमध्ये येतात, निर्णयाची रूढ तारीख १ मे आहे, आणि मधल्या काळात दुसऱ्या कॉलेजचे चांगले पत्र दाखवून मदत वाढवून मागणे येथे मुळीच गैर मानले जात नाही.

मुलाने दुसऱ्या वर्षी प्रीमेड सोडले तर?

पुष्कळ मुले सोडतात, आणि काही पदवीनंतर दोन वर्षे काम करून पुन्हा वळतात. मेडिकल स्कूलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक आता किमान एक गॅप वर्ष घेऊनच जातात. म्हणून कॉलेज निवडताना मेजर बदलणे तेथे किती सोपे आहे ते पाहावे. काही मोठ्या विद्यापीठांत संगणकशास्त्र किंवा व्यवस्थापन यांत नंतर शिरता येत नाही, कारण त्या जागा पहिल्या वर्षीच भरलेल्या असतात. नर्सिंगचे तसेच आहे: अनेक ठिकाणी त्याचा प्रवेश बारावीनंतर थेट होतो आणि मधूनच वळता येत नाही, तेव्हा मनात तशी थोडी जरी शक्यता असेल तर त्याची चौकशी अर्ज करतानाच करून ठेवावी.